डागडुजी आपल्या हातची

रात्री निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरातील नळाचा थेंब सिंकमध्ये पडत असल्याचा एकसुरी आवाज कानी यावा, उठून तोटी आणखी आवळावी, आता तो थांबला अशा समजुतीने पुन्हा अंथरुणावर पडावे आणि पाच मिनिटांत तोच आवाज पुन्हा सुरू व्हावा, हा अनुभव शहरवासी कुटुंबांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा असेल. माझ्या घरी तो सलग तीन आठवडे चालला. प्लंबरला निरोप धाडले होते. परंतु एवढ्याशा कामासाठी अर्धा दिवस मोडून येणे त्याला परवडत नव्हते, आणि त्याचे म्हणणे रास्तच होते. अखेर एका सुट्टीच्या दिवशी मी नळाखाली तांब्या ठेवला आणि घड्याळ पाहिले. लिटरभर पाण्याचा तो तांब्या चार तासांत काठोकाठ भरला. दिवसाचे सहा लिटर, वर्षाचे 2,190 लिटर! ज्या राज्यात 2016 च्या एप्रिल महिन्यात लातूरकरांची तहान भागवण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी वाहून न्यावे लागले, त्याच राज्यातील एका सुस्थित घरात, रबराची एक क्षुल्लक चकती बदलणे हे आपले काम नव्हे एवढ्याच समजुतीपायी, इतके पाणी गटारात जात होते. याची मला मनापासून लाज वाटली आणि त्या लाजेपोटीच मी पाना हाती घेतला.

प्रथम गच्चीवरच्या टाकीकडून येणारा कॉक बंद केला, तोटी उघडून नळीत उरलेले पाणी वाहू दिले आणि सिंकच्या जाळीवर एक जाड फडके अंथरले. कारण हातातून निसटलेला बारीक स्क्रू त्या जाळीतून एकदा खाली गेला की तो परत मिळण्याची आशा उरत नाही. नळाच्या चकाकीवर ओरखडे पडू नयेत म्हणून नटाभोवती कापड गुंडाळून पाना लावला, स्पिंडल बाहेर काढला आणि त्याच्या टोकाचा वॉशर तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात नीट न्याहाळला. एके काळी मऊ असलेले ते रबर लाकडासारखे कडक झाले होते. पितळी बैठकीच्या कडेने त्यात एक खोल वर्तुळ कोरले गेले होते, आणि त्या वर्तुळात एका बाजूस केसाएवढी बारीक चीर होती. सारे पाणी त्या चिरेतून झिरपत होते. तोटी जितक्या जोराने आवळावी तितकी ती चकती बैठकीवर अधिक चिरडते, हे त्या क्षणी मला प्रथमच उमगले. म्हणजे थेंब थांबावा म्हणून मी तीन आठवडे रोज रात्री जे करीत होतो, त्यानेच तो वाढत चालला होता. बारा वर्षे ज्या घरात राहिलो त्या घरातील एका अत्यंत साध्या वस्तूचे अंतरंग मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन अर्धा इंची नळाचा वॉशर मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाले, "काका, माप सांगू नका, जुना काढलाय तो आणा." त्यांच्या या सूचनेत त्यांच्या धंद्यातले सारे शहाणपण आले होते. अर्धा इंची म्हणून जो नळ विकला जातो त्याचे आटे पट्टीने मोजले, तर बाहेरचा व्यास सुमारे 21 मिलिमीटर भरतो, आणि हौशी मनुष्य तेथेच गोंधळतो; वस्तुतः अर्धा इंच हे माप जुन्या लोखंडी नळीच्या आतील पोकळीवरून रूढ झालेले आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांची मापे एकसारखी असावीत असा प्रस्ताव मांडला. त्याच परंपरेतून आलेले, इंचास चौदा या हिशेबाचे आटे आजही आपल्या अर्ध्या इंची नळाला असतात, आणि म्हणूनच कोणत्याही गावच्या दुकानातून आणलेली तोटी आपल्या भिंतीतील नळीवर विनातक्रार बसते. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराचे आपल्यावर केवढे ऋण आहे, हे नळ जोवर आपण स्वतः उघडीत नाही तोवर ध्यानी येत नाही.

घराच्या लहानसहान डागडुजीची कामे सुशिक्षित माणसाने, आणि स्त्री-पुरुष हा भेद न मानता घरातील प्रत्येकाने, आपल्या हातांनी करावयास शिकले पाहिजे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. यात चार पैसे वाचतात हे खरे. तथापि तेवढ्याच लाभासाठी मी हा आग्रह धरला नसता. ज्या घराचे हप्ते फेडण्यात आयुष्याची उमेदीची वीस वर्षे खर्ची पडतात, त्या घराच्या भिंतीत पाणी कोठून जाते, दाराचा भार कोणत्या बिजागरीवर येतो, ओल वरून उतरते की खालून चढते, याची ज्याला यत्किंचितही माहिती नाही, तो मनुष्य सरकारी दप्तरी त्या मालमत्तेचा मालक असला, तरी व्यवहारात तो तेथे बिऱ्हाडकरूच राहतो. मालकी हक्काचा दस्त निबंधकाच्या कचेरीत होतो. घराची ओळख मात्र हातात पाना किंवा पेचकस घेतल्यावाचून होत नाही.

ही ओळख आपल्या लोकांना पूर्वी होती. कोकणात वैशाखाच्या अखेरीस घर शाकारण्याचे काम निघे, तेव्हा सारे घर राबत असे. माझ्या लहानपणी रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या घरी मृग लागण्यापूर्वी नळीची कौले उतरवली जात. वाशांना वाळवी लागली आहे काय हे खिळ्याने टोचून पाहिले जाई. रिपा बदलल्या जात, आणि फुटकी कौले बाजूला काढून धड कौलांची रांग वळचणीपासून आढ्यापर्यंत पुन्हा लावली जाई. आजोबा छपरावर, काका शिडीवर, आणि आम्ही मुले हातोहात कौले वर देण्यासाठी खाली उभी. कौल हातात घेतल्यावर बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारावी. खणखणीत वाजले तर वर द्यावे, बोदे वाजले तर त्यात चीर आहे असे समजून बाजूला ठेवावे, हे मला आजोबांनी शिकवले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. चतुर्मासात घरात पाणी गळले, तर ते कोणाच्या हातच्या कौलाखाली गळले हे घरात सर्वांना ठाऊक असे.

आणि येथे एका गोष्टीचा उच्चार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. घराच्या डागडुजीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे हातोडी घेतलेला पुरुष उभा राहतो. परंतु चुलीला रोज पोतेरे देणारी, तिचा ढासळलेला कानोला चिकणमातीने पुन्हा घडवणारी, दर आठवड्यास जमीन सारवणारी, पावसाळ्यानंतर उखडलेले अंगण भिजवून, चोपून, दिवाळीपूर्वी पुन्हा आरशासारखे करणारी स्त्री ही महाराष्ट्रातील घरांची सर्वांत मोठी हौशी कारागीर होती. मातीत शेण किती घालावे म्हणजे सुकल्यावर भेगा पडणार नाहीत, याचे प्रमाण तिच्या हाताला पाठ होते. त्या कामास कोणी कौशल्य म्हटले नाही आणि त्याची नोंद कोणत्याही खतावणीत झाली नाही. हा अन्याय आपण निदान शब्दांनी तरी दूर करावयास हवा.

मग हे हात थंडावले कसे? त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात जी बलुतेपद्धती वर्णिली आहे, तिच्यात सुताराने लाकडाला, लोहाराने लोखंडाला आणि कुंभाराने मातीला हात लावावा, आणि इतरांनी वर्षाकाठी धान्य घालून मोकळे व्हावे, असा रिवाज होता. त्या रिवाजाने कसब पिढ्यान्‌पिढ्या टिकले हे मान्य केले, तरी हत्यार धरणारा हात आणि लेखणी धरणारा हात यांच्यामध्ये जन्माची भिंत उभी राहिली, आणि लेखणी धरणाऱ्या हाताने त्या भिंतीला प्रतिष्ठेचे नाव दिले. शहरात आल्यावर बलुते गेले. भिंत मात्र जशीच्या तशी राहिली. पांढरपेशा घरातील पदवीधर तरुण पंख्याचे बटण बिघडले की आजही आधी फोन उचलतो, तो केवळ वेळ नसतो म्हणून नव्हे. त्या कामाला हात लावणे आपल्या पायरीला शोभत नाही, अशी एक पुरातन भावना त्याच्याही नकळत त्याच्या मनात वावरत असते. ती भावना मला घातक वाटते, आणि ती घालवण्यास व्याख्यानांपेक्षा एका बिजागरीचे काम अधिक उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

बिजागरीचा दाखला मी अनुभवाने देत आहे. आमच्या आतल्या खोलीचे साध्या लाकडाचे दार एका वर्षी आषाढात चौकटीला घासू लागले. मी रंधा मिळवला आणि दाराची कड जेथे घासत होती तेथे दोन सूत लाकूड काढून टाकले. दार सुरेख लागू लागले. जानेवारीत त्याच दाराच्या फटीतून पलीकडचा उजेड दिसू लागला, आणि दाराची जीभ कुलपाच्या खाचेत धरेना. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दार अर्धे उघडले, मूठ धरून ते हलकेच वर उचलले आणि मला म्हणाले, "काका, वरची बिजागरी बघा, हलतेय. दार लोंबलं होतं म्हणून घासत होतं. आणि पावसात रंधा नाही लावायचा. लाकूड पाणी पितं, मग परत जागेवर येतं." लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, हे मी शाळेत शिकलो असेन किंवा नसेन, त्या दिवशी मात्र ते मला कायमचे समजले.

त्यांनी पुढे जे केले ते मी डोळ्यांत साठवून ठेवले आहे. बिजागरीचे स्क्रू काढल्यावर चौकटीतील भोके रुंदावून त्यांत स्क्रूला पकड उरलेली नव्हती. त्यांनी देवघरापुढच्या उदबत्तीच्या घरातील जळून उरलेल्या बांबूच्या काड्या मागितल्या, त्या फेव्हिकॉलमध्ये बुडवल्या, एकेका भोकात तीन-तीन, चार-चार अशा ठोकून बसवल्या, वर आलेली टोके पटाशीने साफ उडवली, रात्रभर सुकू द्यावयास सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तेच जुने स्क्रू त्याच जागी असे आवळले की दार आजतागायत जागचे हललेले नाही. मजुरी किती, असे विचारले तेव्हा त्यांनी जी रक्कम सांगितली, तीत एक रुपयाही कमी करण्याची इच्छा मला झाली नाही. त्यापूर्वी मी घासाघीस करीत असे. ज्याने स्वतः रंधा धरून दार बिघडवले आहे, त्यालाच कारागिराच्या दहा मिनिटांच्या कामामागील तीस वर्षांची किंमत कळते. हौशी माणसांमुळे कारागिराच्या पोटावर पाय येतो अशी शंका काही सहृदय लोक घेतात, त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ज्या कामाला येणे त्याला परवडत नाही तेवढेच काम हौशी माणूस करतो, आणि ज्या कामाला त्याने यावयाचे असते, तेथे त्याला रास्त मोबदला आणि बसावयास खुर्ची देणारे गिऱ्हाईक याच हौसेतून निर्माण होते.

हौसेला मर्यादा मात्र हवी, आणि ती कोठे आखावी हे ठरवताना कायद्याने आपले काम बरेच सोपे केले आहे. 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतील 45 व्या नियमान्वये विजेच्या जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेणे बंधनकारक होते. परंतु त्याच नियमात दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे बदलण्याच्या कामाला, मूळ जोडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तर, सवलत दिलेली होती, आणि पुढे 2010 मध्ये आलेल्या विनियमांतही ती कायम राहिली. वस्तू बदलावी, जोडणी बदलू नये, ही सीमारेषा इतकी सुबोध आहे की ती प्रत्येक घराच्या मीटरच्या पेटीवर लिहून ठेवावी. आणि बदलतानाही मुख्य स्विच बंद करणे, टेस्टरने खात्री करून घेणे, आणि स्विच कोणी अजाणता पुन्हा सुरू करू नये म्हणून घरातील एकाला तेथे उभे ठेवणे, यात हयगय करू नये. घराच्या खांबांना व तुळयांना तर कोणीही, हौशीने वा ठेकेदारानेही, अभियंत्याच्या लेखी सल्ल्यावाचून हात लावता कामा नये. 2017 च्या जुलै महिन्यात घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून 17 माणसे गेली. तळमजल्यावर फेरबदल करताना खांबांना धक्का लागल्याचा आरोप त्या वेळी झाला. हौसेच्या भरात त्या सतरा जणांचा विसर पडता कामा नये.

रंगकामाविषयी एवढेच सांगतो, की भिंतीचे पोपडे आणि ओल यांचे कारण शोधल्यावाचून त्यांच्यावर लांबी भरून रंग लावणे म्हणजे दुखण्यावर चादर ओढणे होय. पहिल्या पावसात ते दुखणे पुन्हा बाहेर येते.

आता एका नव्या अडचणीकडे वळले पाहिजे. मी ज्या नळाचा वॉशर बदलला तो जुन्या घडणीचा होता म्हणून उघडता आला. हल्लीच्या अनेक वस्तू मुळी उघडूच नयेत अशा बेताने घडवलेल्या असतात. स्क्रूच्या जागी डिंक, सुट्या भागाच्या जागी अखंड साचा, आणि बिघाड झाला की संपूर्ण वस्तू टाकून नवी घ्या असा सल्ला. याला विरोध करणारी चळवळ जगभर उभी राहिली आहे. ॲमस्टरडॅम येथे 2009 साली मार्टिन पोस्तमा या बाईंनी, शेजाऱ्यांनी बिघडलेल्या वस्तू घेऊन एकत्र बसावे आणि जाणत्यांच्या मदतीने त्या दुरुस्त कराव्यात, असा उपक्रम सुरू केला, आणि तो पुढे अनेक देशांत पसरला. आपल्या केंद्र सरकारनेही 2022 साली दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे संकेतस्थळ खुले केले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण सुटे भाग ठरावीक वर्षांपर्यंत आणि माफक दराने मिळालेच पाहिजेत असे कायद्याचे बंधन उत्पादकावर येईपर्यंत ते अपुरेच राहणार. आपला मिक्सर किंवा पंखा उघडण्याचा अधिकार ज्याला नाही, त्याने तो विकत घेतला असे म्हणण्यात काय अर्थ आहे?

या साऱ्याचे मूळ शाळेत आहे, आणि तेथेच त्याचा उपाय आहे. वर्ध्यास ऑक्टोबर 1937 मध्ये भरलेल्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण द्यावे असा विचार मांडला. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. आणि आपल्या शाळांच्या वेळापत्रकात कार्यानुभव नावाचा तास आलाही. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी त्या तासाला कागदी फुले आणि पुठ्ठ्याची घरे तयार झाली, आणि खऱ्या घराचा नळ गळतच राहिला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापिलेल्या विज्ञान आश्रमाने याहून निराळा मार्ग दाखवला. तेथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम राज्यातील शाळांत आला, आणि त्यात मुलेमुली जोडकाम, विजेचे काम, शेती व गृह-आरोग्य प्रत्यक्ष करत करत शिकतात. जे पाबळच्या मुलांना साधते ते पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या, नाशिकच्या मुलांना का साधू नये? दहावी पार होईपर्यंत प्रत्येक मुलाला व मुलीला नळाचा वॉशर बदलता यावा, बिजागरी बसवता यावी, प्लगच्या तीन तारा योग्य जागी जोडता याव्यात, शिडी भिंतीला कोणत्या कलाने लावावी हे कळावे, आणि यांची परीक्षा कागदावर न घेता हातांनी घेतली जावी, अशी माझी शिक्षणखात्यास विनंती आहे.

खात्याच्या निर्णयाची वाट पाहत बसणे मात्र आम्हांला बरे वाटले नाही. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतील काही बिऱ्हाडांनी वर्गणी काढून पत्र्याची एक पेटी घेतली. तिच्यात लहानमोठे पाने, पक्कड, चार पेचकस, टेस्टर, हातोडी, कानस, करवत, पटाशी, टेफ्लॉन टेप आणि निरनिराळ्या मापांचे वॉशर आहेत. कोपऱ्यात घडीची शिडी उभी आहे. कार्यालयाच्या खोलीत पेटी असते आणि तिच्यावर एक वही असते. हत्यार नेणाऱ्याने तारीख, हत्याराचे नाव आणि काम लिहावे, परत करताना सही करावी, एवढाच नियम. पहिली काही पाने निवृत्त मंडळींच्या अक्षरांनी भरली आहेत. नळ, पुन्हा नळ, कडी, पडद्याची दांडी, पुन्हा नळ. गेल्या रविवारची नोंद तिसऱ्या मजल्यावरच्या, आठवीत शिकणाऱ्या मुलीच्या टपोऱ्या अक्षरात आहे: "मोठा पेचकस, पटाशी. बाथरूमचे दार. काड्या घरच्या."